पहिलीच्या वर्गात मुलं किती? देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवताना

हजेरीपट:

गेली सतरा वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवते आहे. एका वर्षी माझ्या वर्गाचा पट ५४ होता. पुढे दुसऱ्या शाळेत गेले, तिथे २१. पुस्तक तेच, फळा तसाच, शिकवणारी मीच. पण कामात जमीन-अस्मानाचा फरक.

५४ च्या वर्षातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. सगळ्यांबरोबर मोठ्याने वाचायची, बोट बरोबर ओळीवर फिरायचं. सहामाही झाल्यावर मी तिला एकटीला नवीन उतारा दिला, तर तिला 'मगर' आणि 'नगर' यांतला फरक सांगता येईना. शेजारणीचे ओठ बघून ती वाचत होती. हे कळायला मला अर्धं वर्ष लागलं, आणि त्या अर्ध्या वर्षाची रुखरुख आजही आहे. २१ च्या वर्गात अशी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच सापडायची. तेव्हा मी जास्त हुशार झाले होते असं नाही, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता इतकंच.

हिशोब साधा आहे. तास चाळीस मिनिटांचा. मुलं पन्नास असतील तर एकेकाच्या वाट्याला ४८ सेकंद, वीस असतील तर दोन मिनिटं. तेही आवराआवर, पाणी, भांडणं, हरवलेली पेन्सिल हे काही मध्ये आलंच नाही असं धरून. वह्यांचं तसंच. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी पन्नास वह्यांची शंभर मिनिटं.

म्हणून इतर देश काय करतात ते शोधत गेले. हाती आलेलं असं:

इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाला ३० ची मर्यादा घातली, ती २००१ पासून सक्तीची झाली. स्कॉटलंडमध्ये पहिलीला २५, दुसरी-तिसरीला ३०, त्यापुढे ३३. जपानमध्ये कितीतरी वर्षं ४० ची मर्यादा होती. २०११ मध्ये पहिलीसाठी ती ३५ वर आली आणि २०२१ च्या दुरुस्तीने साऱ्या प्राथमिक वर्गांना टप्प्याटप्प्याने लागू झाली. चीनमध्ये प्राथमिक वर्गासाठी ठरवलेला आकडा ४५. ५६ किंवा त्याहून जास्त मुलं असली तर तो 'मोठा वर्ग', ६६ पासून पुढे 'अतिमोठा', आणि असे वर्ग मोडायची सरकारी मोहीमच काढली गेली. हाँगकाँगने २००९ पासून पहिलीत २५ चे वर्ग सुरू केले. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात लोकांनी २००२ मध्ये मतदान करून ही मर्यादा थेट राज्यघटनेत घातली, तिसरीपर्यंत १८. फिनलंडमध्ये सर्वसाधारण वर्गाला कायद्याची मर्यादाच नाही, तरी तिथले वर्ग लहान. भारतात शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. आणि आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडीच्या) देशांत प्राथमिक वर्गाची सरासरी साधारण २१.

माझा प्रश्न असा, की हे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी लिहिता येतील का? मला कुठेतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

बेरीजवजाबाकी:

खटकतंय ते बरोबर खटकतंय. तुमच्या यादीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या आहेत.

इंग्लंड, जपान, फ्लोरिडा यांचे आकडे म्हणजे कमाल मर्यादा. २१ हा आकडा प्रत्यक्ष वर्गांच्या सरासरीचा. आणि भारताचा ३० हा विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा, म्हणजे शाळेतली एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक. हा तिसरा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. शाळेत विशेष गरजांच्या मुलांसाठी वेगळे शिक्षक असतात, संगीताचे, खेळाचे असतात, अर्धवेळ असतात. ते सगळे भागाकारात खाली बसतात, पण पहिलीच्या वर्गात फळ्यापुढे उभी असते एकटी वर्गशिक्षिका. ज्या ओईसीडी देशांत वर्गाची सरासरी २१ आहे, तिथेच विद्यार्थी-शिक्षक प्रमाण १५ च्या आसपास आहे. शाळा त्याच, मुलं तीच. कोणी १५ सांगेल, कोणी २१, आणि दोघेही खरं बोलत असतील.

त्याहून मोठी गोम सरासरीत आहे. समजा, दोन वर्ग आहेत, एकात १० मुलं, दुसऱ्यात ५०. सरासरी ३०. नियम पाळला गेला, अहवाल स्वच्छ. आता मुलांना विचारा, 'तुझ्या वर्गात किती जण?' दहा मुलं सांगतील १०, पन्नास मुलं सांगतील ५०. साठ उत्तरांची सरासरी येते ४३ च्या वर. म्हणजे कागदावरचा वर्ग ३० चा आणि मूल बसतं तो वर्ग ४३ चा. तीसच्या वर्गात यातलं एकही मूल बसलेलं नाही!

ज्या प्रदेशात वस्त्या विखुरलेल्या आणि शहरं गच्च भरलेली, तिथे हा फरक वाढतो. दुर्गम भागातल्या आठ-आठ, दहा-दहा मुलांच्या शाळा सरासरी खाली ओढतात आणि शहरातल्या साठच्या वर्गाला त्या कागदावर झाकून टाकतात. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करायची तर मी सरासरी बाजूला ठेवीन आणि विचारीन, ४० पेक्षा मोठ्या वर्गात बसणारी मुलं शंभरातली किती?

हजेरीपट:

हे समजलं, आणि अंगावर काटा आला. ५४ चा माझा वर्ग कुठल्या तरी तालिकेत ३० म्हणून नोंदला गेला असणार.

जुनी घंटा:

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, नोकरीचा बराच काळ लहान शाळांत गेला. बेरीजवजाबाकी यांच्या म्हणण्याला दुसरी बाजू जोडतो. मोठा वर्ग सरासरीत लपतो तसं लहान शाळेचं दुखणंही लपतं.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, असा हिशोब आहे. माझ्या शाळेचा पट ४६ होता, शिक्षक दोन. प्रमाण २३. हेवा वाटावा असा आकडा. पण इयत्ता पाच! माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी, आणि सहकारी बाईंकडे पहिली, दुसरी. चाळीस मिनिटांच्या तासात चौथीला भागाकार सांगायचा, तोवर तिसरीने पाढे लिहायचे आणि पाचवीने वाचत बसायचं. त्यातून आमच्यापैकी एक जण प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की त्या दिवशी ४६ मुलं, पाच इयत्ता आणि एक माणूस. हा दिवस कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण वर्षात असे दिवस बोटांवर मोजण्याइतके नव्हते, पुष्कळ होते.

बहुवर्ग अध्यापन वाईटच असतं असं मात्र मी म्हणणार नाही. ते ठरवून केलं, त्यासाठी साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तर लहान मूल मोठ्याच्या शेजारी बसून पुष्कळ शिकतं, हे मी पाहिलं आहे. पण ठरवून करणं वेगळं आणि शिक्षक नाही म्हणून करणं वेगळं.

दूरदेशी पालक:

माझी मुलं स्कॉटलंडच्या प्राथमिक शाळेत आहेत. सरांनी लिहिलं त्याला तिथे सरळ नियम आहे. दोन इयत्ता एकत्र असतील तर त्या वर्गाची मर्यादा आपोआप २५ वर येते, मग ती पाचवी-सहावी का असेना. एका शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळणं म्हणजे जास्त काम, हे आकड्यातच मान्य केलेलं आहे. मला हे फार पटलं.

मुलीच्या पहिलीत २४ जण होते. त्याशिवाय दिवसातले काही तास एक मदतनीस बाई यायच्या. माझा असा समज झाला, की मोठ्या वर्गांवर हाच सोपा तोडगा आहे, शिक्षक वाढवता येत नसतील तर मदतनीस द्यावा. याबद्दल कोणाला माहिती आहे का?

संदर्भशोधक:

आहे, आणि चांगली भक्कम आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ मध्ये 'स्टार' नावाचा प्रयोग सुरू झाला. ७९ शाळा, बालवर्ग ते तिसरी, चार वर्षांत मिळून ११ हजारांहून जास्त मुलं. प्रत्येक शाळेत तीन प्रकारचे वर्ग केले, १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ चा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच पण पूर्णवेळ मदतनीस असलेला. कोणतं मूल कुठे आणि कोणता शिक्षक कुठे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे 'जागरूक पालकांची मुलं लहान वर्गात गेली' अशी शंका घ्यायला जागा उरली नाही. शिक्षणात इतका नेटका प्रयोग क्वचित होतो, म्हणून चाळीस वर्षांनीही त्याचं नाव निघतं.

निष्कर्ष असा, की लहान वर्गातली मुलं वाचन आणि गणित दोन्हींत पुढे गेली. गरीब घरांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. चौथीत सगळी मुलं पुन्हा नेहमीच्या वर्गांत गेली, पण बऱ्याच वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तेव्हा लहान वर्गांतल्या मुलांपैकी जास्त जण महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसल्याचं दिसलं. आणि मदतनीस असलेले वर्ग? नेहमीच्या वर्गांत आणि त्यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता.

म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गात काम मदतनीस बाईंपेक्षा त्या २४ या आकड्याने जास्त केलं असण्याची शक्यता आहे. मदतनीसांना काय काम दिलं जातं यावर बरंच अवलंबून असतं, हेही खरं.

मागचा बाक:

विरोधासाठी विरोध करत नाही, मनापासून विचारतो. आमच्या वर्गात आम्ही ६३ जण होतो. दक्षिण कोरियात १९७० च्या सुमारास प्राथमिक वर्गात साठाच्या वर मुलं असायची, आणि तीच पिढी पुढे कारखाने, जहाजं, संगणक बनवायला लागली. मग संख्येवर इतका भर कशासाठी? शिक्षक चांगला हवा, बस.

हजेरीपट:

दादा, ६३ जणांतले किती जण आज हा धागा वाचू शकतील? हा टोमणा नाही, मलाही माझ्या वर्गाबद्दल हाच प्रश्न पडतो. मोठ्या वर्गाबद्दल आपल्याला जे सांगतात ते सगळे त्यातून तरून गेलेले असतात.

आणि चांगला शिक्षक हवा हे शंभर टक्के मान्य. पण चांगल्या शिक्षकालाही कान दोनच असतात.

मागचा बाक:

तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. विचार करताना लक्षात आलं, की पहिलीत जाण्याआधीच मला वाचता येत होतं. आईने शिकवलं होतं. ती रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसायची, चौथीपर्यंत. म्हणजे ६३ चा वर्ग मला कधी भोवलाच नाही, कारण माझा खरा वर्ग घरी होता आणि त्याचा पट एक. ज्यांच्या घरी अशी आई नव्हती, किंवा होती पण तिला अक्षर येत नव्हतं, ती मुलं चौथीपर्यंत वर्गात दिसेनाशी झाली होती. त्यातल्या दोघांची नावं आठवतात, बाकीच्यांची तीही नाहीत.

कोरियाचं उदाहरण मी परत घेत नाही, पण तिथेही घरून किती जोर लावला जातो, हे मोजल्याशिवाय ते द्यायला नको होतं. आणि त्यांनी साठाचे वर्ग टिकवले नाहीत, आता तिथे वीस-पंचवीस मुलांचे वर्ग आहेत. जन्मदर घसरल्याचाही त्यात मोठा वाटा.

बेरीजवजाबाकी:

फार महत्त्वाचं लिहिलंत. घरची शिकवणी हा वर्गाच्या आकड्यातला अदृश्य शिक्षक आहे. गरीब घरांतल्या मुलांना लहान वर्गाचा फायदा जास्त का, त्याचं एक उत्तर मला इथे दिसतं. फ्रान्सने २०१७ पासून सरसकट सगळे वर्ग लहान न करता सर्वांत वंचित भागांतले पहिलीचे वर्ग निम्मे केले, साधारण १२ मुलांचे. पैसा मोजकाच असेल तर सुरुवात कुठून करायची, याचं ते एक उत्तर.

संदर्भशोधक:

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर चित्र अर्धं राहील.

इस्राएलमध्ये वर्गाची मर्यादा ४०. तिथे ती बाराव्या शतकातल्या मैमोनिडीझ या धर्मपंडिताच्या नियमाशी जोडली जाते. २५ मुलांना एक शिक्षक, २५ च्या वर ४० पर्यंत मदतनीस, ४० च्या वर दोन शिक्षक, असं त्याने लिहून ठेवलं होतं. आठशे वर्षांपूर्वी! या मर्यादेमुळे गंमत अशी होते, की इयत्तेत ४० मुलं असली तर ४० चा एक वर्ग, आणि एक मूल वाढलं की २० आणि २१ चे दोन. जोशुआ अँग्रिस्ट आणि व्हिक्टर लेव्ही यांनी नेमकी हीच फट वापरून १९९९ मध्ये दाखवलं, की लहान वर्गांतल्या मुलांचे गुण जास्त होते, विशेषतः पाचवीत. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. पण २०१९ मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह नव्या वर्षांची माहिती घेऊन तोच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आला. शिवाय जास्तीचा वर्ग मंजूर व्हावा म्हणून काही शाळा ४० च्या वर पट दाखवतात, हेही निघालं. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष टिकत नाही असं छापणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

कॅलिफोर्नियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. टेनेसीचा निकाल ऐकून त्या राज्याने १९९६ मध्ये बालवर्ग ते तिसरी सगळीकडे एकदम ३० चे वर्ग २० वर आणायला पैसे दिले. एवढे शिक्षक आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेले लोक मोठ्या संख्येने घेतले गेले. चांगल्या वस्त्यांतल्या शाळांत नव्या जागा निघाल्या, तशा गरीब वस्त्यांतल्या शाळांतले अनुभवी शिक्षक तिकडे गेले. वाचनालयं आणि संगीताच्या खोल्या वर्गांसाठी गेल्या. टेनेसीत ७९ शाळांना जमलं ते अख्ख्या राज्याला एका उन्हाळ्यात जमलं नाही.

आणि पश्चिम केनियात? २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी गेली आणि वर्ग फुगले. पुढे १४० शाळांना पहिलीसाठी एकेक जादा कंत्राटी शिक्षक दिला, ऐंशीच्या वरचे वर्ग जवळपास निम्मे झाले. एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांचा हा अभ्यास. कंत्राटी शिक्षकांकडची मुलं पुढे गेली. कायम शिक्षकांकडच्या वर्गांतही संख्या घटली होती, पण तिथे फारसं काही हललं नाही, कारण जादा माणूस आल्यावर काही कायम शिक्षक वर्गात कमी येऊ लागले. जिथे पालकांच्या समितीला देखरेखीचं प्रशिक्षण दिलं होतं, तिथे परिस्थिती बरी राहिली.

जुनी घंटा:

केनियाचं वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. पण एक सांगतो. ऐंशीचा वर्ग कोणाच्या हौसेने होत नाही. आफ्रिकेतल्याच मलावी देशाने १९९४ मध्ये फी रद्द केली तेव्हा पटावर एका वर्षात सुमारे दहा लाख मुलं वाढली. ती मुलं आधी शाळेबाहेर होती. म्हणजे त्याआधीचे लहान वर्ग लहान होते ते बाहेर उभ्या असलेल्या मुलांमुळे. दोन प्रदेशांची तुलना करताना हा रकाना माझ्या मते सगळ्यात आधी हवा, त्या वयाची किती मुलं शाळेत आहेतच.

हजेरीपट:

तो रकाना घातला, सर. आता तक्ता असा झाला आहे: शाळेत असलेली मुलं, कमाल मर्यादा, ४० च्या वरच्या वर्गात बसणाऱ्यांचा वाटा, आणि एका शिक्षकाकडे इयत्ता किती. 'सरासरी' खोडून टाकली.

तुमच्याशी आणखी एक बोलायचं होतं. यंदा माझा पट ४१, शेजारच्या तुकडीचा ४३. शिक्षक वाढणार नाहीत हे ठरलेलं. टेनेसीचं वाचल्यावर आम्ही दोघींनी बसून हिशोब केला. दोन्ही तुकड्या मिळून ८४. रोजच्या वाचनाच्या तासाला एकीने फक्त १४ मुलं घ्यायची आणि दुसरीने उरलेली ७० एकत्र सभागृहात, गोष्टी, गाणी, तोंडी गणितं. १४ सक ८४, म्हणजे सहा दिवसांत प्रत्येक मूल एकदा लहान वर्गात. त्या दिवशी त्याच्या वाट्याला जवळजवळ तीन मिनिटं.

तीन आठवडे झाले. पहिल्याच फेरीत अकरा मुलं सापडली, ओठ बघून वाचणारी. त्यातली सहा माझ्या वर्गातली, आणि त्यांतल्या दोघांना मी आजवर 'चांगलं वाचतात' अशी नोंद देत होते.

अडचण सत्तरांची. पंधरा-वीस मिनिटं छान जातात, मग मागची मुलं सुटतात. जुनी घंटा सर, तुम्ही तीन इयत्ता एकत्र सांभाळल्या आहेत. सत्तर जणांना चाळीस मिनिटं कशात गुंतवावं?

जुनी घंटा:

सत्तर जणांना एकच काम देऊ नका, बाई. सात-सात जणांचे दहा गट करा, प्रत्येकात दोन बरं वाचणारी मुलं घाला. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना गोष्ट, पुढे गटाने त्याच गोष्टीची चित्रं क्रमाने लावायची, शेवटी दोनच गटांनी उभं राहून सांगायचं, बाकीच्यांची पाळी उद्या. गट महिनाभर बदलू नका. आणि ती अकरा मुलं एकाच गटात ठेवू नका, दहाही गटांत वाटा. सहा दिवसांच्या फेरीत त्यांना एकदाच्या ऐवजी दोनदा आत घेता येतं का तेही बघा. १४ च्या जागी १६ झाली तरी चालेल.

हजेरीपट:

८४ आणि जास्तीची ११ म्हणजे ९५. सहा दिवसांना ९६ जागा. बसतात, सर. सोमवारपासून करते.